ऋण शून्य पॉइंट दोन

गणित अठरावं.
एकशे ऐंशी किलोग्रॅमची गाडी सपाट रस्त्यावर उभी.
घर्षणगुणांक शून्य पॉइंट शून्य आठ,
g दहा धरायचा.
माणूस एकशे आठ न्यूटन बलानं ढकलतो.
त्वरण काढा.

कोनापुरे सर म्हणतात, आधी चित्र.
माणूस काढू नका, चाकं काढू नका,
एक ठिपका, त्यातून चार बाण.
ठिपक्याला टाचा नसतात,
म्हणून ठिपक्याचं गणित सुटतं.

मी ठिपका काढला.
विडी घरकुलात रात्रीचे साडेनऊ,
पंख्याला वारा नाही, नुसता आवाज.
अम्माच्या सुपात तंबाखू,
कात्रीखाली तेंदूची पानं एका मापाची होत चाललेली.
खाली बाण, अठराशे. वर बाण, अठराशे.
हे दोघं एकमेकांना खाऊन टाकतात,
शनिवारचा पगार आणि किराण्याची उधारी खातात तसे.
उजवीकडे एकशे आठ.
डावीकडे एकशे चव्वेचाळीस.

वजाबाकी. भागाकार.
ऋण शून्य पॉइंट दोन.
एककही लिहिलं, मीटर प्रति सेकंद वर्ग,
कारण ते विसरलं की सर अर्धा मार्क कापतात
आणि वर विचारतात, शून्य पॉइंट दोन काय? केळी?

मग उत्तर वाचलं.
ऋण म्हणजे उलटी दिशा.
म्हणजे माणूस ढकलतोय पुढे
आणि गाडी येतेय त्याच्याच अंगावर,
दहा सेकंदांनी चालत, मिनिटाभरानं एसटीच्या वेगानं,
अशोक चौकातून, टॉवेलांच्या गठ्ठ्यांसकट,
आणि तो बिचारा अजून
एकशे आठ न्यूटन लावतोच आहे.
मला हसू फुटलं.
अम्माची मोजणी चुकली, तिनं पहिल्यापासून धरली.

नान्ना उंबऱ्यात बसून टाचांच्या भेगांत खोबरेल भरत होते.
"एवढं काय गं, भाग्या?"
सांगितलं.
त्यांनी गणित वाचलं नाही, नुसतं चित्र पाहिलं,
बोटाला तेल होतं म्हणून लांबूनच.
"हा डावीकडचा कोण?"
घर्षण.
"एवढा लांब का काढलास?"
सूत्रातून आला.
"तो एवढा जोर लावतच नाही.
मी जेवढं ढकलतो तेवढंच तो अडवतो.
मी हात काढला की त्यानंही काढला.
आडमुठा आहे,
पण बावीस वर्षांत
एकदाही अंगावर आला नाही."

सर हे बोलले होते.
फळ्यावर, मंगळवारी, शेवटच्या तासाला.
मी लिहूनही घेतलं होतं,
लिहून घेतलं आणि पान उलटलं.

एकशे चव्वेचाळीस ही त्याची ताकद नव्हती,
हद्द होती.

खोडरबरानं डावा बाण आखूड केला.
एकशे आठ वजा एकशे आठ.
निव्वळ बल शून्य. त्वरण शून्य.
शून्यापुढे एकक लिहू की नको, यावर थोडा वेळ गेला.
एवढ्या ढकलण्याचं एवढंच उत्तर,
गोल, आतून रिकामं.

"किती मार्कांचं?"
तीन.
"बरंय की," नान्ना म्हणाले,
"आम्हाला नाही हलली तर काहीच नाही."

मग, पुन्हा टाचेकडे वळून,
"पण अशी हलत नाही ती कधी.
आधी जरा मागं घ्यायची, बोटभर,
मग तिच्याच झोल्यात पुढं.
पहिल्या इंचालाच सगळा जीव जातो,
नंतर ती अर्धी आपली आपण येते."

याला सूत्र काय, मला माहीत नाही.
समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं,
बोटभर मागं,
आणि पुढे प्रश्नचिन्ह. उद्या विचारीन.

गणित एकोणिसावं.
हाच रस्ता, हीच गाडी, आता माणसं दोन.
अम्मानं जुडी माझ्या वहीवर ठेवली,
नेमकी ठिपक्यावर.
"बघ गं, पंचवीस भरल्या का.
मला आज मोजता येईना."